एकच राउटर सगळं सांभाळेल का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आमचं डिझाइन आणि व्हिडिओची कामं करणारं ऑफिस आहे. दोन वर्षांपूर्वी ८ जण होतो, आता २४ आहोत. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून त्यालाच केबलने दुसरा राउटर जोडला. शिवाय ८ कॅमेरे, २ प्रिंटर आणि एक फाइल सर्व्हर. लाइन १०० एमबीपीएसची आहे, अपलोड २०चा. दुपारी मोठ्या फाइल पाठवायला लागलो की फोनवर आवाज तुटतो. आठवड्यातून एकदा तरी काहींचं नेट चालतं, काहींचं बंद. राउटर बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. पाहुण्यांनाही आमचाच वाय-फाय पासवर्ड द्यावा लागतो. चौघं घरून काम करतात, त्यांना सर्व्हर मिळत नाही. पुढच्या वर्षी दुसरी शाखा काढायची आहे. एक विक्रेता म्हणतो, मल्टिफंक्शन राउटर घ्या, सगळं त्यातच आहे. दुसरा म्हणतो, फायरवॉल, व्हीपीएन, राउटर, सगळं वेगवेगळं घ्या. कोणाचं ऐकावं?

उत्तर:

नमस्कार.

पहिल्या विक्रेत्याचं ऐका, पण पूर्ण नाही. तुमच्या आकाराच्या ऑफिसला मल्टिफंक्शन राउटरच योग्य आहे. मात्र वाय-फायचं काम त्याच्यावर टाकू नका, आणि त्याच्या मागच्या ४-५ पोर्टांत भागेल असंही धरून चालू नका. उपकरणांना पत्ते वाटणं, फायरवॉल (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं हे ठरवणारी चाळणी), व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट), दोन लाइनींची अदलाबदल आणि वेगाची वाटणी ही कामं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकाच यंत्रात असावीत. वाय-फाय आणि स्विच (अनेक केबल जोडायचा डबा) यांची जागा वेगळी असते आणि ते वेगळ्या वेळी बदलावे लागतात, म्हणून ते बाहेर. माहितीपत्रकात किती फंक्शन आहेत याला फारसं महत्त्व देऊ नका. इंटरनेटकडे जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, एकाच यंत्राच्या हातून जातं, त्यामुळे नियम एकदाच लिहावा लागतो आणि बिघाडही एकाच ठिकाणी शोधता येतो, हा खरा फायदा आहे.

आवाज तुटण्याच्या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण याच दुखण्यावर लोक सर्वात जास्त पैसे चुकीच्या जागी घालतात. जी.७११ कोडेकवरचा (आवाज डेटात बदलायच्या एका पद्धतीवरचा) एक कॉल, सगळे हेडर म्हणजे पॅकेटवरची पत्त्याची वगैरे माहिती धरूनही, प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो. १० जण एकदम बोलत असले तरी १ एमबीपीएसच्या आतच काम होतं. म्हणजे कॉलला जागा कमी पडत नाही, त्याला रांगेत थांबावं लागतं. मोठी फाइल वर चढायला लागली की संगणक मिळेल तेवढा अपलोड खाऊन टाकतो आणि जास्तीची पॅकेट मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठत जातात. त्याच वेळी कॉलचं पॅकेट आलं की तेही त्याच रांगेच्या शेवटी उभं राहतं. एरवी १५-२० मिलिसेकंदांत येणारं उत्तर मग ४००-५०० मिलिसेकंदांवर जातं. बोलणं सहज वाटायचं तर एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा.

हे आजच तपासता येईल. एका संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आज्ञा) लावून ठेवा आणि दुसऱ्यावरून १ जीबीची फाइल चढवा. पिंगचे आकडे चढले आणि फाइल संपताच खाली आले, तर निदान पक्कं. १०० ऐवजी २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि अपलोड तेवढाच राहिला, तर दुखणंही तेवढंच राहील.

यावर इलाज म्हणजे अपलोडला मुद्दाम थोडा लगाम घालायचा. प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के, म्हणजे तुमच्या लाइनवर १८ एमबीपीएस, ही मर्यादा राउटरमध्ये टाका आणि रांग सांभाळायला एफक्यू-कोडेल किंवा केक यांपैकी जी पद्धत उपलब्ध असेल ती निवडा. मग रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते, आणि पुढे कोणाला सोडायचं हे राउटर ठरवू शकतो. आयपी फोनच्या आवाजाच्या पॅकेटवर बहुधा डीएससीपी ४६ ही खूण असते, तिला अग्रक्रम द्या. मोजणी मात्र भर गर्दीच्या वेळी करा. दुपारी लाइन १६च देत असेल तर १८ची मर्यादा असून नसल्यासारखी. आणि हे काम लाइनच्या तोंडाशी बसलेल्या यंत्रानेच करायला हवं. तुमच्याकडे मागच्या राउटरवर मर्यादा घातली तर पुढच्या खोलीतली वाहतूक त्याला दिसतच नाही. पुढच्या राउटरवर घातली तर मागची अख्खी खोली त्याला एकच उपकरण वाटू शकते.

आता 'काहींचं चालतं, काहींचं बंद' याकडे येऊ. तीन संशयित आहेत. पहिला, दोन राउटर दोघंही पत्ते वाटत असणं. दुसऱ्या राउटरच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये केबल लावली आणि त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) चालूच राहिलं, तर ज्या संगणकाला त्याच्याकडून आधी पत्ता मिळतो त्याला गेटवेही (बाहेर जायचं दार) त्याचाच मिळतो, आणि तिथून बाहेर जायला वाट नसते. नेट बंद असलेल्या आणि चालू असलेल्या दोन संगणकांचे आयपी पत्ते आणि गेटवे शेजारी शेजारी लिहून बघा. गेटवे वेगळे निघाले तर चोर सापडला. दुसरा संशयित, पत्ते संपणं. २४ माणसं, प्रत्येकाचा संगणक आणि फोन, त्यात कॅमेरे, प्रिंटर आणि येणारे-जाणारे. अनेक घरगुती राउटर १०० पत्तेच वाटतात आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास अडवून ठेवतात. तासाभरासाठी आलेल्या पाहुण्याचा फोन उद्यापर्यंत पत्ता धरून बसतो. तिसरा, सेशनचा, म्हणजे चालू जोडण्यांचा, तक्ता भरणं. एकेका उपकरणाची एकाच वेळी १००-२०० जोडण्या चालू असणं अगदी साधारण आहे. ७० उपकरणांच्या १४,०००पर्यंत होतात. घरासाठी बनवलेला राउटर तिथे गुदमरतो, नव्या जोडण्या नाकारतो आणि बंद-चालू केला की तक्ता रिकामा झाल्याने पुन्हा पळायला लागतो. नवा घेताना किमान ५०,००० सेशनची क्षमता मागा.

केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टमध्ये असेल तर तक्रार थोडी वेगळी दिसते. मागची खोली स्वतंत्र नेटवर्क बनते, पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, आणि पुढच्या खोलीतल्यांना मागचा प्रिंटर कधीच सापडत नाही.

नव्या राउटरवर नेटवर्कचे चार भाग (व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलींवर चालणारी वेगवेगळी नेटवर्कं) पाडा: व्हीलॅन १० कर्मचाऱ्यांचा, २० पाहुण्यांचा, ३० कॅमेऱ्यांचा, ४० फोनचा. पत्त्यांची मालिका अशी ठेवा की तिसरा आकडा व्हीलॅनचाच असेल: १०.३७.१०.०, १०.३७.२०.० वगैरे. सहा महिन्यांनी कुठलाही पत्ता दिसला तरी तो कोणत्या भागातला हे लगेच कळतं. नियम मोजकेच लागतात. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. आतलं काहीही नाही, राउटरचं सेटिंगचं पानही नाही. पत्ता २ तासांपुरता. कॅमेऱ्यांना फक्त रेकॉर्डर आणि घड्याळ जुळवायचा एनटीपी, बाहेर जायची वाट बंद. कर्मचाऱ्यांना इंटरनेट, प्रिंटर, सर्व्हर. फोनना फक्त त्यांची कॉल सेवा. कॅमेऱ्यांचं चित्रण बाहेरून पाहायचं असेल तर ते व्हीपीएनमधून. त्यासाठी पोर्ट उघडून ठेवू नका.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. फाइल सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकला की व्हिडिओची प्रत्येक फाइल राउटरमधून ये-जा करू लागते, आणि स्विचवर पूर्ण वेगाने होणारं काम राउटरच्या प्रोसेसरवर अडतं. तुमचा सर्व्हर कर्मचाऱ्यांच्याच भागात ठेवा. दुसरं, प्रिंटर दुसऱ्या भागात गेला की संगणकाला तो आपोआप सापडत नाही, कारण शोधाशोधीची एमडीएनएस पॅकेट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाहीत. त्यासाठी राउटरमध्ये एमडीएनएस रिपीटर चालू करावा लागतो, किंवा प्रिंटरचा पत्ता हाताने द्यावा लागतो. तिसरं म्हणजे, स्विच ८०२.१क्यू हे व्हीलॅनचं मानक समजणारा, म्हणजे मॅनेज्ड हवा. सेटिंग बदलताना एक पोर्ट मूळ नेटवर्कवर तसाच सोडून ठेवा. सगळे पोर्ट एकदम बदलले की आपणच बाहेर अडकतो आणि फॅक्टरी रिसेटशिवाय गत्यंतर राहत नाही.

घरून काम करणाऱ्या चौघांसाठी वायरगार्ड किंवा आयपीसेकवर चालणारं व्हीपीएन वापरा. जुन्या राउटरवर पीपीटीपी हा व्हीपीएनचा जुना प्रकार दिसला तर त्याला हात लावू नका, त्याची सुरक्षा कधीच मोडली आहे. आणि सर्व्हरचा फाइल वाटपाचा ४४५ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात मानू नका; रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइल कुलूपबंद करणारे प्रोग्राम) पसरवणारे असे उघडे सर्व्हर सतत शोधत असतात.

व्हीपीएन जोडलं गेलं, हिरवा दिवाही दिसतो, तरी सर्व्हर मिळत नाही, ही नेहमीची रड. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ऑफिसात १९२.१६८.१ ची मालिका आणि घरच्या राउटरवरही तीच. संगणक सर्व्हरला घरातच शोधत बसतो. १०.३७ सारखी आडवळणाची मालिका सुचवली ती यासाठीच. दुसऱ्या शाखेला १०.३८ द्या म्हणजे दोन्ही कार्यालयं कायमची जोडताना टक्कर होणार नाही. ही निवड आज, २४ माणसांवर, एका दुपारचं काम आहे. दोन शाखा चालू झाल्यावर तेच काम डोक्याला ताप.

व्हीपीएनची आणखी एक मर्यादा आधीच समजून घ्या. घरच्या माणसाचं डाउनलोड म्हणजे ऑफिसचं अपलोड. १८ एमबीपीएसमध्ये १ जीबीची फाइल, दुसरं काहीच चालू नसताना, सुमारे साडेसात मिनिटं घेते. चौघं एकदम ओढायला लागले तर अर्धा तास. व्हिडिओवालं काम घरून करायचं असेल तर अपलोड वाढवून घ्या, किंवा घरून ऑफिसच्या संगणकाचा फक्त पडदा चालवा आणि फाइल ऑफिसातच राहू द्या. दुसरा पर्याय बऱ्याचदा पुरतो.

दुसरी लाइन घ्यायचीच. पण दोन्ही लाइनी एकाच कंपनीच्या, किंवा एकाच वाटेने येणाऱ्या असतील तर खोदकामात दोन्ही एकदम तुटू शकतात. एक फायबर आणि दुसरी मोबाइल नेटवर्कवरची, ही जोडी बरी. लाइन जिवंत आहे का हे तपासायला राउटरला मोडेमचा पत्ता देऊ नका. पुढे केबल तुटली तरी मोडेम उत्तर देतच राहतो आणि राउटर मेलेल्या लाइनला चिकटून बसतो. बाहेरचे दोन वेगवेगळे पत्ते द्या, आणि दोन्हींकडून लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तरच लाइन बदलायला सांगा. मोबाइल लाइनवर असताना क्लाउड बॅकअप आणि अपडेट बंद राहतील असा नियम करा, नाहीतर डेटा दुपारपर्यंत संपतो. लाइन बदलते त्या क्षणी चालू कॉल तुटेल, कारण बाहेरचा पत्ताच बदलतो. ते टाळण्याच्या मागे लागू नका. दोन्ही लाइनी एकाच वेळी वापरायचा मोह झाला तर एका संगणकाची सगळी वाहतूक एकाच लाइनवर बांधून ठेवा. तसं केलं नाही तर बँकेची साइट मधेच लॉगआउट करते, कारण तिला एकच माणूस दोन पत्त्यांवरून येताना दिसतो.

खरेदीच्या वेळी सर्वात जास्त फसगत वेगाच्या आकड्यात होते. डब्यावरचा १ जीबीपीएस बहुधा मोठमोठ्या पॅकेटवर आणि सगळ्या तपासण्या बंद ठेवून मोजलेला असतो. आयपीएस म्हणजे घुसखोरीची तपासणी चालू केली की तोच राउटर त्याच्या काही अंशांवर येतो. कित्येक मॉडेलमध्ये वर सांगितलेली वेगमर्यादा लावली तरी हार्डवेअरचा जलद मार्ग बंद पडतो आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. म्हणून माहितीपत्रकात सगळ्या तपासण्या चालू असतानाचा आकडा आणि व्हीपीएनचा आकडा, हे दोनच बघा. तुमच्यासाठी पहिला किमान ३०० आणि दुसरा किमान १०० एमबीपीएस असावा. हे आकडे छापलेलेच नसतील तर ते मॉडेल सोडून द्या. तपासण्यांचं लायसन्स दरवर्षी भरायचं असतं का, आणि ते संपल्यावर नेमकं काय बंद होतं, हेही लेखी घ्या. काही उपकरणांत फक्त अपडेट थांबतात, काहींत ती सुविधाच बंद पडते. आमच्या मते आयपीएसवर जास्त भिस्त ठेवू नये. आज वेबवरची बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड असते आणि ती उलगडल्याशिवाय राउटरला आतलं दिसत नाही. उलगडायला गेलं तर प्रत्येक संगणकावर प्रमाणपत्र बसवावं लागतं आणि काही ॲप चालेनाशी होतात. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याच्या, पातळीवर घातक साइट अडवणं स्वस्त, हलकं आणि तुमच्या गरजेला पुरेसं आहे.

वाय-फायसाठी स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे) घ्या, कारण राउटर असतो कोपऱ्यातल्या कपाटात आणि माणसं बसतात दुसरीकडे. दोन खोल्यांना छतावर दोन, मोठी बैठकीची खोली असेल तर तीन. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ आणि ११ हेच वाटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ॲक्सेस पॉइंटना आणि कॅमेऱ्यांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच द्यायची तर पीओई स्विच लागेल, आणि त्याचं विजेचं एकूण बजेट मोजून घ्या. ३ ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी २० वॅट, ८ कॅमेरे प्रत्येकी ८ वॅट, झाले १२४. १२० वॅटचा स्विच दिवसा ठीक चालतो, आणि रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की एकदोन कॅमेरे बंद पडतात. मग महिनाभर सगळे कॅमेऱ्यालाच दोष देत राहतात. १८० वॅटच्या वरचा घ्या.

दुसऱ्या विक्रेत्याच्या बोलण्यातही तथ्य आहे: सगळं एका यंत्रात म्हणजे ते बंद पडलं की सगळं बंद. पण तीन वेगळी यंत्रं एकामागे एक जोडली तरी त्यांतलं कुठलंही एक बंद पडल्यावर नेट जातंच. यंत्रं वाढवून काही साधत नाही, तयारी हवी. राउटर, मोडेम आणि स्विच तिन्ही यूपीएसवर ठेवा. नुसता राउटर ठेवून उपयोग नाही. प्रत्येक बदलानंतर सेटिंगची फाइल उतरवून राउटरबाहेर दोन ठिकाणी जपा. एक जादा पॉवर ॲडॉप्टर घ्या, कारण राउटरच्या आधी तोच मरतो. शंभरावर माणसं झाली किंवा ग्राहकांसाठीचा सर्व्हर ऑफिसातून चालवायचा ठरला, तर दोन राउटरांची जोडी किंवा वेगळी फायरवॉल यांचा विचार करा. आज नको.

राउटर बसवल्या दिवशी मूळ पासवर्ड बदला. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःच पोर्ट उघडण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) बंद करा. फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, दर महिन्याला तपासा, आणि निर्माता त्या मॉडेलला कोणत्या वर्षापर्यंत अपडेट देणार हे घेण्यापूर्वी विचारा. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं बाधित केली होती, आणि त्यांत मुख्यतः घरातले आणि लहान कार्यालयांतलेच राउटर होते.

बदल सुट्टीच्या दिवशी करा, पण सेटिंग आधीच टेबलावर लॅपटॉप जोडून पूर्ण करून ठेवा. इंटरनेट कंपनीकडून पीपीपीओईचं, म्हणजे लाइनच्या लॉगिनचं, युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक आधी मिळवा, मगच त्यांचा राउटर ब्रिज मोडमध्ये (नुसता मोडेम म्हणून चालेल असा) टाकायला सांगा. जोडणी झाली की वॅनचा पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ब्रिज झालेलाच नाही. १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते आहे आणि बाहेरून तुमचं व्हीपीएन लागणार नाही. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्या. पीपीपीओई असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ ठेवा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट त्या मापात बसवणारं सेटिंग) चालू करा. काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं दिसलं तर आधी हेच तपासा.

प्रिंटर, सर्व्हर आणि कॅमेरे यांच्यात कोणीतरी कधीकाळी हाताने पत्ते टाकलेले असतील. त्यांची यादी करा, ते पत्ते आपोआप घेण्यावर लावा आणि नव्या राउटरमध्ये प्रत्येकाच्या हार्डवेअर पत्त्यासमोर ठरावीक आयपी राखून ठेवा. हे सगळं जुनं नेटवर्क चालू असतानाच उरका, नाहीतर एकेका कॅमेऱ्यासाठी लॅपटॉपवर जुन्या मालिकेतला पत्ता टाकून त्याच्यापर्यंत पोचावं लागेल.